एका ओट्याचे ट्रायथलॉन

आमच्या शाखेत मी 'ट्रायथलॉन' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा हेडकॅशियर नोटा मोजायचे थांबले आणि म्हणाले, "कुठल्या बँकेचं आहे हे लोन? व्याज किती?"

त्यांचा दोष नाही. तीस वर्षं कॅशमध्ये काढली की माणसाला शेवटी 'लोन'सारखा वाजणारा कुठलाही शब्द कर्जासारखाच ऐकू येतो. मी त्यांना समजावून सांगितलं, की यात आधी पोहायचं असतं, मग सायकल चालवायची असते आणि मग पळायचं असतं.

"म्हणजे कर्जच की!" ते म्हणाले. "आधी माणूस बुडतो, मग सायकलवर येतो आणि शेवटी पळून जातो." आणि पुन्हा पहिल्यापासून नोटा मोजायला लागले.

मी बी. कॉम. आहे, सेकंड क्लास. 'ट्राय' या अक्षरांनी सुरू होणारी ट्रायल बॅलन्स ही एकच गोष्ट मी आजवर पुरी केली होती, आणि तोही परीक्षेत एकदाच जुळला होता, सस्पेन्स अकाउंटच्या कृपेने. अशा माणसाच्या डोक्यात हे खूळ घातलं ते आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी. २०२२ च्या नोव्हेंबरात ते मलेशियातल्या लंकावी बेटावर जाऊन पूर्ण अंतराची 'आयर्नमॅन' शर्यत करून आले. म्हणजे ३.८ किलोमीटर पोहले, १८० किलोमीटर सायकल चालवली आणि वर ४२.२ किलोमीटर पळाले. सगळं सतरा तासांच्या आत. आल्यानंतर महिनाभर ते स्टेथोस्कोपच्या जागी पदक घालून पेशंट तपासत होते. माझा साखरेचा रिपोर्ट हातात धरून ते म्हणाले, "काठावर आहात. गोळ्या सुरू करायच्या, की पोहायला सुरुवात करायची? तुम्हीच ठरवा."

गोळ्या फार स्वस्त पडल्या असत्या, हे मला फार उशिरा कळलं.

या प्रकाराचा इतिहास मी नंतर वाचला. आधी वाचायला हवा होता. पोहणं, सायकल आणि पळणं एका माळेत ओवायची कल्पना १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोला निघाली. पण तिला राक्षसी रूप आलं ते हवाईत, १९७८ साली. तिथे नौदलात जॉन कॉलिन्स नावाचे एक कमांडर होते. त्यांच्या मित्रमंडळींत वाद निघाला, की खरा दणकट कोण? पोहणारा, पळणारा, की सायकलवाला? आता वाद काय आपल्याकडे निघत नाहीत? आपल्याकडे वाद निघाला की कोणीतरी चहा मागवतो आणि चहा संपेपर्यंत मूळ मुद्दा विसरला जातो. कॉलिन्ससाहेबांनी चहा मागवला नाही. ओआहू बेटावरच्या तीन निरनिराळ्या शर्यतींची अंतरं त्यांनी एकापुढे एक जोडून टाकली. त्यातली सायकलची शर्यत मुळात दोन दिवसांची होती, ती त्यांनी एका दिवसाच्या मधोमध बसवली. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण निघाले आणि बारा जण पोचले. गॉर्डन हॉलर नावाचा गृहस्थ ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी वाटेत संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली म्हणतात. हे सगळं आवडीने सांगितलं जातं. पण न पोचलेल्या तिघांबद्दल कोणी बोलत नाही. माझी सगळी आस्था पहिल्यापासून त्या तिघांकडे आहे.

मला डॉक्टरांनी अर्ध्या अंतराला नाव द्यायला सांगितलं. तिला '७०.३' म्हणतात. आकडा ऐकून मला बरं वाटलं. पुढे कळलं की ते मैल आहेत. किलोमीटर केले की ११३ होतात. खेड्यातला सावकार 'शेकडा दोन' म्हणतो, आणि ते दर महिन्याला आहेत हे कर्ज घेतल्यावर कळतं, त्यातलाच हा प्रकार. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं. बेरीज मी दोनदा केली. जुळत होती, हेच दुःख.

पोहायला मी लहानपणी आजोळच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून शिकलो होतो. भोपळा सुटला तेव्हापासून पोहणंही सुटलं होतं. सांगलीला कृष्णेच्या घाटावर पट्टीचे पोहणारे आजही पहाटे उतरतात. पण कृष्णेत मगरी आहेत आणि ही अफवा नाही, पेपरात फोटो येतात. मगरीच्या भीतीने माणसाचा वेग वाढतो असं डॉक्टर म्हणाले. ते स्वतः मात्र टँकवर जायचे. मग मीही टँकवर नाव घातलं. मोठ्यांच्या बॅचची वेळ बँकेच्या वेळेशी जमेना, म्हणून मला लहान मुलांच्या बॅचमध्ये घेतलं. पंचवीस मीटरच्या टँकमध्ये १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या होतात. सुरुवातीला माझी एक फेरी होईपर्यंत दुसरीतली एक मुलगी दोन करायची आणि कठड्याला धरून मला विचारायची, "काका, बरं वाटतंय ना?"

सायकलचं त्या मानाने सोपं होतं. पहाटे आयर्विन पुलावरून निघायचं आणि जमेल तितकं लांब जाऊन बँकेच्या आत परतायचं. पळण्याचा सराव मला वेगळा करावा लागला नाही. तो आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी करून घेतला.

खरी अडचण होती पैशांची. प्रवेश फी, विमान, व्हिसा, हॉटेल आणि जुनी का होईना पण बरी सायकल, असं सगळं दीड लाखाच्या पुढे जात होतं. घरात एवढ्या रकमेची एकच मुदत ठेव होती आणि ती सौ.च्या स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी होती. आमचा ओटा कडाप्प्याचा. मधोमध तडकलेला. त्या फटीत जाणारं पीठ आणि दूध यांचा हिशेब ती गेली अकरा वर्षं मला देत होती. ठेव दोघांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. मुदतीआधी मोडायची तर दोघांच्या सह्या लागतात, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. त्या रात्री स्वतःच्या बायकोसमोर फॉर्म ठेवला.

तिने तो पूर्ण वाचला. आमच्या शाखेत वीस वर्षांत तो फॉर्म कोणी पूर्ण वाचलेला मी पाहिला नाही.

"यातला सर्व्हायव्हर कोण ते समुद्र ठरवणार का?" तिने विचारलं. मग सही केली आणि पेनाचं टोपण लावत म्हणाली, "पण मी येणार. माझा ओटा पोहणार, माझा ओटा सायकल चालवणार. तो मी बघायला नको?"

"अगं, दोघांचा खर्च..."

"फ्रीजपण जुनाच आहे. त्याची रिकरिंग आहे ना, ती मोडा."

अशा रीतीने ओटा आणि फ्रीज, दोघांनी लंकावीला जायचं ठरलं.

निघण्यापूर्वी डॉक्टरांनी मला एकच सूचना दिली. "अंतराला घाबरू नका. खरा वैरी वेळ आहे. पोहणं एक तास दहा मिनिटांत, पोहणं आणि सायकल मिळून साडेपाच तासांत, आणि सगळं साडेआठ तासांत. एक मिनिट इकडे झालं तरी बाहेर काढतात."

मी मनात हसलो. वेळेच्या बाबतीत मला शिकवायची गरज नव्हती. शाखेत माझं काउंटर चारला बंद होतं म्हणजे चारला बंद होतं. त्या बाबतीत मी प्रसिद्ध आहे. कुप्रसिद्ध म्हणणारेही आहेत, पण ते सगळे चारनंतर येणारे. आदल्या वर्षीचीच गोष्ट. ३० नोव्हेंबर, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा शेवटचा दिवस. दिवसभर रांग होती. चार वाजून दोन मिनिटांनी आमचे एक जुने खातेदार, निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, काठी टेकत आले. मी पाटी फिरवली होती. अण्णा म्हणाले, "दोनच मिनिटं झालीत." मी म्हणालो, "अण्णा, नियम म्हणजे नियम. उद्या या." ते थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं. उद्या हयात असलो तर येतो."

हा विनोद मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होतो. अण्णा दुसऱ्या दिवशी आले नाहीत. गुडघा धरला होता. आले ते वीस दिवसांनी. तोवर त्यांची पेन्शन अडकली होती. दाखला लागल्यावर थकबाकीसकट जमा झाली, पण मधला महिना त्यांनी कसा काढला ते मी विचारलं नाही. काउंटरवर विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हे, अशी माझी समजूत होती.

असो. २०२३ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आम्ही निघालो. डॉक्टर स्वतः यायचे होते, पण त्यांच्या मेहुणीचं लग्न निघालं. व्हिसाचे पैसे आम्ही रीतसर भरले, आणि १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना महिनाभरासाठी व्हिसाच माफ केला. मी ठेव ठेवली की दुसऱ्या दिवशी दर वाढतो, हे मला नवीन नाही. सायकल सुटी करून पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली होती. उरलेल्या जागेत सौ.ने सांगलीचं भडंग, चकल्या आणि बेसनाचे लाडू भरले. मुंबई विमानतळावर खोक्याचं वजन जास्त भरलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काहीतरी काढावं लागेल." सौ. म्हणाली, "अहो, ते मागचं चाक काढा."

क्वालालंपूरला विमान बदलून लंकावीला उतरलो आणि पहिला विचार आला, की हे तर कोकण आहे. तीच भाताची शेतं, त्याच म्हशी, तेच नारळ, तोच घाम. कोकणात आणि तिथे फरक एवढाच, की १९८७ पासून हे बेट करमुक्त आहे, त्यामुळे दर दहा पावलांवर चॉकलेटचं दुकान. घड्याळं अडीच तास पुढे केली. सौ.ने हातातलं तसंच ठेवलं. "सांगलीत दूधवाला आला का ते कळतं," म्हणाली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी पाय मोकळे ठेवायचे असतात. म्हणून आम्ही तिथल्या महसुरी नावाच्या बाईची समाधी बघायला गेलो. या महसुरीवर व्यभिचाराचा खोटा आळ घालून तिला मारलं. दंतकथा अशी, की तिचं रक्त पांढरं निघालं आणि मरता मरता तिने बेटाला शाप दिला, की सात पिढ्या इथे बरकत येणार नाही. पुढे बेटावर सयामी फौजा चालून आल्या, शेतं जळाली आणि लोकांनी तो शाप खरा मानला. सौ.ने ती पाटी सावकाश, शब्द लावत वाचली. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "बाईचा शाप सात पिढ्या पुरतो. ओटा लक्षात असू द्या."

शर्यत पंताई कोक नावाच्या किनाऱ्यावर सुरू व्हायची होती. पंताई म्हणजे किनारा. पहाटे अंधारात तिथे जगभरची माणसं जमली होती. सगळ्यांच्या पोटऱ्या रंधा मारल्यासारख्या. माझ्या घोट्याला वेळ मोजायची चिप बांधली आणि दंडावर नंबर घातला. वीस वर्षं मी लोकांना टोकन दिलं, आता माझं टोकन निघालं होतं. समोर अंदमानचा समुद्र. मराठी माणसाला अंदमान म्हटलं की शिक्षाच आठवते. फक्त ही मी फी भरून मागून घेतली होती.

एकेक करून आम्हाला पाण्यात सोडलं. पाणी इतकं कोमट की थेट बंबातलं वाटावं. एवढ्या गरम पाण्यात तो रबरी पोशाख घालायला परवानगी नसते, हे मला सोयीचंच होतं. तो माझ्याकडे नव्हता. दिवाळीचं अभ्यंगस्नान समुद्रात होतंय, फक्त उटणं नाही, असा विचार करतोय तोच कोणाची तरी टाच नाकावर बसली. पुढची दहा मिनिटं सांगलीच्या स्टँडवर शेवटच्या एसटीत चढावं तसं चाललं होतं. मग सगळे मला मागे टाकून गेले आणि समुद्र शांत झाला. मागे पडण्याचा हा एक फायदा आहे, गर्दी राहत नाही. मी ७६ फेऱ्या मोजायला लागलो. कठडा नव्हता, म्हणून अंदाजाने मोजल्या. पायाला काहीतरी चाटून गेलं तेव्हा मला मगर आठवली आणि दोन फेऱ्या एका फेरीच्या वेळात झाल्या. डॉक्टरांचं बरोबर होतं.

एक तास दोन मिनिटांनी मी वाळूवर उभा होतो. आठ मिनिटं हातात ठेवून! मला रडूच आलं. पण ते गॉगलमध्ये साठलं, कोणाला दिसलं नाही.

पाण्यातून सायकलीकडे जायच्या वाटेला कठडे लावलेले होते, आणि पहिल्याच कठड्याला सौ. उभी होती. हातात स्टीलचा डबा, डबा उघडा.

"अहो, थांबा. पोटात काही नाही तुमच्या. एक लाडू खाऊन जा."

"अगं, नाही चालत. बाहेरची मदत घेतली तर बाद करतात."

तिचा चेहरा बदलला. "बाहेरची?"

"म्हणजे नियमात तसं..."

"मी बाहेरची?"

आता, समुद्रातून नुकत्याच निघालेल्या, पोहण्याच्या चड्डीतल्या माणसाने, परक्या देशात, शेकडो लोकांसमोर आपल्या बायकोला ती बाहेरची नाही हे कसं पटवून द्यावं? मी नियम सांगितला. नियमाचा उद्देश सांगितला. इथे संयोजकांनी दिलेलंच खायचं असतं हेही सांगितलं. शेजारी उभा असलेला एक जर्मन माणूस, त्याला शब्द कळत नसूनही, विषय कोणता चाललाय हे ओळखून आदराने बाजूला झाला. अखेर ती म्हणाली, "जा. पण मोजे पाय पुसून घाला."

मी पळालो. पाय पुसून मोजे घातले. पाण्यातून निघाल्यापासून सायकलवर बसेपर्यंत बारा मिनिटं गेली होती.

सायकलच्या पहिल्या तीस किलोमीटरमध्ये मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागलं. रस्ता झकास, रबराची झाडं, अधूनमधून चढ. सायकल शर्यतीत पुढच्या माणसापासून बारा मीटर अंतर ठेवायचं असतं, नाहीतर दंड होतो. आमच्या पेन्शनच्या रांगेत प्रत्येकाची हनुवटी पुढच्याच्या खांद्यावर असते, त्यामुळे मला नियम फार आवडला. पण तो पाळायची संधी मिळेना, कारण माझ्या पुढे नजर पोचेपर्यंत कोणी नव्हतं. गावागावांतून शाळेची पोरं रस्त्यावर येऊन "बोलेह! बोलेह!" म्हणून ओरडत होती. मला वाटलं, बोलायला सांगताहेत. बोलायला श्वास कुठे होता? बोलेह म्हणजे 'जमेल', असं नंतर कळलं. तेव्हाच कळलं असतं तर बरं झालं असतं.

साठ किलोमीटरनंतर चढावर मागचं चाक बसलं. सांगलीत पंक्चरवाल्याच्या पाटावर बसून मी हजार पंक्चर काढताना पाहिल्या आहेत. पण पाहणं वेगळं. बी. कॉम.ला पंक्चर नव्हतं. टायर निघेना, निघाला तर बसेना. त्यात झाडावरून दोन माकडं उतरली. एकाने माझ्या सायकलला लावलेली भडंगाची पुडी उचलली आणि समोर बसून, शेंगदाणे निवडून, आधी तेच खाल्ले. मी हाताला काळं फासून त्यांच्याकडे बघत होतो आणि ती माझ्याकडे. पंचवीस मिनिटं गेली.

उरलेले तीस किलोमीटर मी कसे काटले ते मला सांगता येणार नाही. पाऊस आला, गेला, ऊन आलं. मांड्यांमध्ये गोळे आले. आयुष्यात मी एवढा जोर कशासाठीच लावला नव्हता, प्रमोशनच्या परीक्षेसाठीसुद्धा नाही. सायकल ठेवायची कमान दिसली तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं नाही. बघितलं तर ते पुढे जाईल अशी भीती वाटली.

कमानीत विशीतली एक मलय मुलगी उभी होती. डोक्याला रुमाल, अंगात स्वयंसेवकांचा टी-शर्ट. तिने उजवा हात छातीवर ठेवला आणि मान तुकवून म्हणाली, "सॉरी, पाकचिक. टाइम फिनिश."

पाकचिक म्हणजे काका. पाच तास चौतीस मिनिटं झाली होती.

पुढे जे झालं ते मी शाखेत कोणालाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "ओन्ली फोर मिनिट्स, मॅडम."

ती म्हणाली, "सॉरी, पाकचिक."

मी म्हणालो, "आय केम फ्रॉम व्हेरी फार. फ्रॉम सांगली."

ती म्हणाली, "यस, पाकचिक. सॉरी."

मी म्हणालो, "आस्क युवर साहेब वन्स." पंक्चरचं सांगितलं. माकडाचं सांगितलं. शेवटी, आत्ता ते काका गेले ना, त्यांना कसं सोडलं, हेसुद्धा विचारलं. आणि विचारता विचारता माझ्या लक्षात आलं, की ही सगळी वाक्यं मला पाठ आहेत. वीस वर्षं मी ती काचेच्या आतून ऐकली आहेत, याच क्रमाने. लांबून आलोय. चारच मिनिटं झालीत. साहेबांना एकदा विचारा. त्या मागच्याचं कसं केलंत? एकही वाक्य माझं स्वतःचं नव्हतं.

फरक एवढाच, की त्या पोरीने खाली बसून, माझ्या चिखलाच्या पायावरची चिप स्वतःच्या हाताने सोडवली. गार पाण्याचा स्पंज मानेवर ठेवला. आणि खुर्ची दिली. आमच्या शाखेतही काउंटरसमोर एक खुर्ची आहे. तिच्यावर जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे असतात.

सौ. आली ती डबा घेऊनच. माझ्याकडे पाहिलं, चिप नसलेल्या पायाकडे पाहिलं आणि काही न विचारता लाडू हातात दिला.

"आता चालतो ना?"

"आता चालतो."

मी लाडू खात होतो आणि ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "११३ पैकी ९१.९ झाले," ती म्हणाली. "म्हणजे शंभराला एक्क्याऐंशी रुपये वसूल. तुमच्या बँकेत एवढी वसुली होते का?"

रात्री आम्ही शेवटच्या कमानीजवळ जाऊन बसलो. पूर्ण अंतराचे लोक मध्यरात्र उलटेपर्यंत येत होते. लंगडत, रडत, हसत. एक पांढऱ्या केसांचा जपानी गृहस्थ कमान ओलांडून वळला आणि ज्या रस्त्याने आला होता त्याला कमरेत वाकून नमस्कार करून गेला. सौ. प्रत्येकाला टाळ्या वाजवत होती. मग सतरा तास पुरे झाले, घड्याळ बंद झालं. मी उठलो. पण बाकी कोणी उठलं नाही. तीन-चार मिनिटांनी अंधारातून एक बाई पळत, म्हणजे जवळजवळ चालत, आल्या. निकालात त्यांचं नाव येणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक असणार, आम्हालाही होतं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. सौ.ने तर डब्याचं झाकण वाजवलं.

हिशेब जुळवायची खोड मला हॉटेलातही झोपू देईना. चार मिनिटांचा फरक कुठे पडला? पोहण्यात नाही. पंक्चर ही दैवी आपत्ती, ती खर्ची घातली. माकड मुख्यतः पंक्चरच्या वेळातच येऊन गेलं. शेवटी रात्री दोनला फरक सापडला. सौ. बाहेरची नाही, हे सिद्ध करायला नेमकी तेवढीच मिनिटं गेली होती. ही नोंद मी कुठेही केलेली नाही. सस्पेन्सला ठेवली आहे, आणि हे पुस्तक घरात येणार नाही याची व्यवस्था बघतो आहे.

सांगलीला परत आलो तो नोव्हेंबर अजून चालू होता. शाखेत पेन्शनरांची रांग दारापर्यंत. हेडकॅशियरनी स्वागत केलं, "आलात? बुडालात, सायकलवर आलात, पण पळून नाही गेलात!" मी जागेवर बसलो. काउंटरसमोरच्या खुर्चीवरचे गठ्ठे कपाटावर टाकले. हे गठ्ठे कोणी हलवले म्हणून साहेब दोन दिवस चौकशी करत होते.

तिसऱ्या दिवशी, चारला काही मिनिटं कमी असताना, अण्णा आले. काठी खुर्चीला टेकवली आणि धाप लागली होती म्हणून आधी थोडं बसले. मग काचेत वाकून म्हणाले, "काय हो, परदेशात शर्यतीला गेला होता म्हणे. काय झालं?"

मी आजूबाजूला पाहिलं. "अण्णा, चार मिनिटं उशीर झाला. घेतलं नाही त्यांनी."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, शिपायाने पाणी आणून दिलं.

"मग?" धोतराच्या सोग्याने डोळे पुसत ते म्हणाले, "उद्या जायचं होतं की!"

आणि त्यांनी हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा मशीनवर ठेवला. मशीनने तो नेहमीप्रमाणे घेतला नाही. मी म्हणालो, "पुसून ठेवा, अण्णा. सावकाश."